अरिहंतचे सेवापुस्तक

सरकारी नोकरीवाल्या घरात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना 'सेवापुस्तक' हा शब्द समजावून सांगायला नको. नेमणूक कधी झाली, बदली कुठे झाली, बढती मिळाली की ठपका, सगळं त्यात तारीखवार लिहिलेलं असतं. युद्धनौकांचीही अशीच नोंद असते. जुन्या 'विक्रांत'ची घ्या: १९६१ साली नौदलात दाखल, १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात पराक्रम, १९९७ मध्ये निवृत्ती. पण आपल्या नौदलात एक बोट अशी आहे की जिच्या सेवापुस्तकाची बहुतेक पानं बाहेरच्या माणसाला कोरीच दिसतात. ती कुठे आहे, किती दिवस होती, काय करून आली, हे कोणाला कळलं नाही तरच तिचं काम नीट झालं असं समजायचं. ती म्हणजे 'आयएनएस अरिहंत'. अणुशक्तीवर चालणारी आणि अण्वस्त्रं वाहून नेणारी बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं पोटात घेऊन फिरणारी भारताची पहिली पाणबुडी.

दिवाळी अंकात पाणबुडी कशाला, असं काही मंडळी विचारतील. तर तिचं आणि दिवाळीचं नातं आहे! ५ नोव्हेंबर २०१८, सोमवार, धनत्रयोदशी. इकडे आपण ऑफिसातून लवकर सटकून फराळाच्या मागे लागलो होतो, आणि दिल्लीत पंतप्रधानांनी जाहीर केलं की अरिहंत आपली पहिली 'डिटरन्स पेट्रोल', म्हणजे धाक बसवण्यासाठीची गस्त, पुरी करून परत आली आहे. ही या बोटीच्या आयुष्यातली बहुधा सर्वांत मोठी जाहीर नोंद. त्या नोंदीच्या मागे चाळीसेक वर्षांचं काम आहे, आणि त्या कामात मुंबई, सोलापूर, इंदापूर अशी आपली ओळखीची गावं पुन्हा पुन्हा डोकावतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडं तंत्र. म्युनिकमध्ये राहणाऱ्या बहुतेकांनी भारतातून आलेल्या आई-बाबांना डॉइचेस म्युझियम दाखवलेलं असतं. आम्ही उंटरश्लाइसहाइमकर एस-१ पकडून गावात जातो आणि इझारटोरला उतरून चालत सुटतो. तिथली 'यू-१' ही जर्मन नौदलाची पहिली पाणबुडी, १९०६ सालची, कील इथे बांधलेली. लांबी जेमतेम ४२ मीटर. तिचा एका बाजूचा पत्रा कापून आतलं सगळं उघडं करून ठेवलेलं मी पाहिलं आहे. पाण्यावर असताना रॉकेलच्या जातीच्या तेलावर चालणारी इंजिनं आणि पाण्याखाली बॅटरीवर चालणाऱ्या मोटारी. अडचण इथेच आहे. इंजिनाला हवा लागते. बॅटरी संपली की वर येणं भाग, आणि वर आलं की दिसणं भाग. पुढच्या डिझेल पाणबुड्यांनी नुसती नळी वर काढून हवा घ्यायची युक्ती केली, पण नळीसुद्धा रडारला दिसतेच.

अणुभट्टीला हवा लागत नाही. ती पाणी तापवते, त्याची वाफ टर्बाइन फिरवते, टर्बाइन प्रॉपेलर फिरवतो. पिण्याचं पाणी समुद्राच्या पाण्यापासून आणि प्राणवायू पाण्यापासून बोटीवरच करता येतो. राहता राहिलं जेवण. म्हणजे अशी बोट किती दिवस पाण्याखाली राहणार याची मर्यादा आतल्या शिधासामग्रीवर आणि माणसांच्या डोक्यावर येऊन ठेपते.

अरिहंतची भट्टी ८३ मेगावॅटची असल्याचं सांगितलं जातं. हा आकडा कितपत मोठा? आमच्या शेजारच्या गार्शिंगमधली २००४ साली सुरू झालेली 'एफआरएम-२' ही संशोधनाची भट्टी २० मेगावॅटची आहे. तिच्या जवळच तो अंड्याच्या आकाराचा घुमट आहे, 'आटोम-आय', जो गार्शिंगच्या नगरचिन्हावरही आहे. त्यातली पहिली भट्टी ३१ ऑक्टोबर १९५७ ला चालू झाली. आपली तुर्भ्याची 'अप्सरा' त्याच्याही आधी, ४ ऑगस्ट १९५६ ला! जर्मन सहकाऱ्याला हे सांगितलं की त्याच्या भुवया वर जातात, हा माझा नेहमीचा अनुभव.

पण जमिनीवर भट्टी बांधणं वेगळं आणि ती बोटीत बसवणं वेगळं. जर्मनांनीही ते करून पाहिलं होतं. कीलमध्ये बांधलेलं 'ओटो हान' हे व्यापारी जहाज १९६८ ते १९७९ अशी अकरा वर्षं ३८ मेगावॅटच्या अणुभट्टीवर चाललं. (त्याच कीलच्या गोदीतून पुढे आपल्या 'शिशुमार' आणि 'शंकुश' या डिझेल पाणबुड्या आल्या, १९८६ साली, आणि तशीच 'शल्की' मग माझगाव डॉकने मुंबईत बांधली. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.) ओटो हानला निदान जागेची चणचण नव्हती. पाणबुडीचं अंग नळकांड्यासारखं. त्याच्या व्यासात भट्टी, किरणोत्सार अडवणारी जाड आवरणं, वाफेच्या टाक्या, पंप हे सगळं बसवायचं. शिवाय बोट कलली, डोललली, नाक खाली करून बुडी मारली तरी भट्टी बिनतक्रार चालली पाहिजे. वेग हवा तेव्हा पटकन वाढला पाहिजे. त्यासाठी नेहमीच्या वीजकेंद्रापेक्षा बरंच जास्त समृद्ध केलेलं युरेनियम लागतं, आणि ते कोणी विकत देत नाही. आपण ते म्हैसूरजवळ रत्नहळ्ळीला तयार केलं.

या विषयाची सुरुवात साधारण १९७१ च्या युद्धापासून सांगितली जाते. अमेरिकेची अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू 'एंटरप्राइझ' बंगालच्या उपसागराकडे निघाली, आणि समुद्रात मोठ्याला थोपवायचं तर काय लागतं याची चर्चा दिल्लीत जोरात सुरू झाली. सत्तरच्या दशकात तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, म्हणजे आपल्या बीएआरसीत, पाणबुडीच्या भट्टीचं काम सुरू झालं. पहिले आराखडे जमले नाहीत. नौदलातल्या जाणकारांनीच त्यांवर हरकती घेतल्या.

त्या हरकती घेणाऱ्यांत एक नाव होतं कॅप्टन बी. के. सुब्बाराव यांचं. नौदलातले अधिकारी, आयआयटी मुंबईतून याच प्रकारच्या विषयात पीएच.डी. १९८७ साली ते नौदलातून बाहेर पडले. मे १९८८ मध्ये परदेशी निघालेले असताना मुंबई विमानतळावर त्यांना पकडण्यात आलं. आरोप गोपनीय कागद बाहेर नेण्याचा, आणि त्या कागदांत त्यांचा स्वतःचा प्रबंधही होता! वीस महिने ते तुरुंगात होते. पुढे न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. पाणबुडीच्या इतिहासात हा प्रसंग सहसा कोणी सांगत नाही. मला तो सांगावासा वाटतो, कारण गुप्ततेची किंमत काय असते ते त्यातून दिसतं. आम्ही आयटीवाले ग्राहकाच्या एका नॉन-डिस्क्लोजर करारावर सही करताना पेन थोडं थबकवतो. इथे माणसाच्या आयुष्याची दीड-पावणेदोन वर्षं गेली.

प्रकल्पाचं अधिकृत नावही काही बोध होऊ नये असंच होतं: 'अॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी व्हेसल', एटीव्ही. प्रगत तंत्रज्ञानाचं जहाज. यावरून कोणाला काय कळणार! व्हाइस अॅडमिरल मिहिर रॉय त्याचे पहिले प्रमुख.

दरम्यान चालवायला शिकायचं म्हणून सोव्हिएत संघाकडून एक अणुपाणबुडी तीन वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली गेली. ही 'आयएनएस चक्र'. जानेवारी १९८८ मध्ये व्लादिवोस्तोकला तिच्यावर तिरंगा चढला, फेब्रुवारीत ती विशाखापट्टणमला आली, आणि जानेवारी १९९१ मध्ये परत गेली. तेव्हा नौदलप्रमुख होते अॅडमिरल जयंत नाडकर्णी. चक्रचे कप्तान होते आर. एन. गणेश. हेच गणेश पुढे व्हाइस अॅडमिरल होऊन एटीव्ही प्रकल्पाचे प्रमुख झाले. भाड्याच्या घरात राहून मग स्वतःचं घर बांधायला घेणारा माणूस बारीकसारीक गोष्टी कशा ध्यानात ठेवतो, तसंच काहीसं.

आता बीएआरसीतल्या दोन माणसांबद्दल. डॉ. अनिल काकोडकर आपल्याला माहीत असतातच. आई कमलाताई गांधीवादी, वडील गोवामुक्तीच्या लढ्यातले. रुपारेल कॉलेज, मग माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून १९६३ ला मेकॅनिकल इंजिनिअर. १९९६ ते २००० बीएआरसीचे संचालक आणि मग २००९ पर्यंत अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष. दुसरे डॉ. शेखर बसू. बंगाली, पण तेही व्हीजेटीआयचेच, १९७४ चे, आणि तेही मेकॅनिकल. पाणबुडीच्या भट्टीचं प्रत्यक्ष काम ज्यांनी तडीस नेलं त्यांत बसूंचं नाव पुढे घेतलं जातं. पण त्यांना पद्मश्री मिळाली २०१४ साली. तोवर बाहेरच्या जगाला हे नाव फारसं ठाऊक नव्हतं. सप्टेंबर २०२० मध्ये कोविडने ते गेले. एकाच कॉलेजचे, एकाच शाखेचे दोन विद्यार्थी आणि एकच भट्टी. व्हीजेटीआयच्या माजी विद्यार्थ्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

बोटीत बसवण्याआधी ही भट्टी जमिनीवर चालवून बघायची ठरली. चेन्नईजवळ कल्पाक्कमला समुद्रकाठी पाणबुडीचा मागचा भाग जसाच्या तसा उभा करण्यात आला, आत खरी भट्टी आणि खरी यंत्रं. तिचं नावही प्लुटोनियमवरच्या कुठल्याशा प्रकल्पाचं वाटावं असं ठेवलं होतं. नोव्हेंबर २००३ मध्ये ती 'क्रिटिकल' झाली, म्हणजे साखळी प्रक्रिया स्वतःच्या बळावर चालू लागली, आणि २००६ मध्ये पूर्ण क्षमतेने वापरात आली. बोटीवरचे लोक तिथेच तयार झाले. ऑगस्ट २००९ मध्ये पत्रकारांना ती पहिल्यांदा दाखवली तेव्हा काकोडकरांनी रशियन सल्लागारांचे जाहीर आभारही मानले. मला हे आवडलं. 'सगळं आमचं आम्हीच' असं म्हणण्याचा मोह त्या दिवशी किती असेल!

भट्टीची वाफ टर्बाइनपर्यंत पोचली की दुसरी कथा सुरू होते. टर्बाइन मिनिटाला हजारो फेऱ्या मारतो. प्रॉपेलर मात्र जितका सावकाश फिरेल तितका बरा, कारण भराभर फिरला की पाण्यात बुडबुडे फुटून आवाज होतो. पाण्यात प्रकाश लांब जात नाही, आवाज जातो. पाणबुडी सापडते ती बहुतेक वेळा आवाजावरून. म्हणून मध्ये गिअरबॉक्स हवा, आणि त्याचे दाते एकमेकांत इतके सफाईने बसले पाहिजेत की कुरकूरसुद्धा होऊ नये. थोडक्यात, बोट लपणार की नाही हे बऱ्याच अंशी गिअर कापणाऱ्या कारागिराच्या हातात.

अरिहंतचा सांगाडा लार्सन अँड टुब्रोने हजिऱ्याला केला, नियंत्रणयंत्रणा टाटा पॉवरच्या विभागाने. आणि टर्बाइनच्या बाजूच्या यंत्रणा व गिअरबॉक्स यांसाठी नाव येतं ते वालचंदनगरचं! पुणे जिल्हा, तालुका इंदापूर. उसाच्या मळ्यांत १९३० च्या दशकात वालचंद हिराचंदांनी उभा केलेला साखर कारखाना, त्याच्या सोबत यंत्रं दुरुस्त करायचं वर्कशॉप, त्यातून साखर कारखान्यांची यंत्रं बनवण्याचा धंदा आणि मग अणुवीजकेंद्रांचे व अंतराळयानांचे भाग. उसाचा चरक फिरवायलाही दणकट गिअर लागतात. तिथून पाणबुडीपर्यंतचा रस्ता लांब आहे, पण तो सलग आहे.

वालचंदशेठ सोलापूरचे, जन्म १८८२. १९१९ साली त्यांच्या सिंदिया कंपनीचं 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघालं तो ५ एप्रिल आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. जहाजं चालवायची तर ती बांधायलाही आली पाहिजेत, म्हणून त्यांनी गोदी काढायचं मनावर घेतलं. २१ जून १९४१ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तिची पायाभरणी झाली ती विशाखापट्टणमला. तिथून १९४८ मध्ये 'जलउषा' पाण्यात उतरली. पुढे गोदी सरकारकडे गेली, वालचंदशेठ १९५३ मध्ये वारले. आणि साठ-पासष्ट वर्षांनी त्याच शहराच्या बंदरात अणुपाणबुडी बांधली गेली, तिच्यात त्यांच्याच गावाहून आलेली यंत्रं! योगायोगच, दुसरं काय. आणखी एक: वालचंद जैन घराण्यातले. 'अरिहंत' म्हणजे शत्रूचा नाश करणारा हा सरळ संस्कृत अर्थ झाला, पण जैन परंपरेत अरिहंत म्हणजे ज्याने आतले शत्रू, राग-लोभ-मोह, जिंकले तो. क्षेपणास्त्रं घेऊन गप्प बसून राहणाऱ्या बोटीला दुसरा अर्थही शोभून दिसतो असं माझं मत.

२६ जुलै २००९. मुंबईकरांना २६ जुलै म्हटलं की २००५ चा पाऊस आठवतो, सैन्याला कारगिल. त्या दिवशी विशाखापट्टणमला पंतप्रधान मनमोहनसिंग हजर होते, गुरशरण कौर यांनी नारळ फोडला, आणि सुक्या गोदीत पाणी सोडून अरिहंत तरंगवण्यात आली. सुमारे १११ मीटर लांब, सहा हजार टन वजनाची. (यू-१ च्या शेजारी ठेवली तर आजीजवळ नातू... की उलट?) फोटो मात्र काढू दिले नाहीत.

तरंगली म्हणजे चालली असं नव्हे. भट्टी सुरू व्हायला आणखी चार वर्षं लागली. आणि तो आठवडा विलक्षण होता. १० ऑगस्ट २०१३ ला अरिहंतची भट्टी क्रिटिकल झाल्याची घोषणा. १२ तारखेला कोचीला नव्या 'विक्रांत'चं जलावतरण. सगळीकडे आनंदीआनंद. आणि १३ च्या मध्यरात्रीनंतर, १४ तारीख लागल्यावर, मुंबईच्या नौदल गोदीत 'सिंधुरक्षक' या डिझेल पाणबुडीत स्फोट होऊन ती जागच्या जागी बुडाली. रशियातून दुरुस्त होऊन त्याच वर्षी आली होती. अठरा जण गेले. पुढच्या फेब्रुवारीत मुंबईजवळच समुद्रात 'सिंधुरत्न'मध्ये धूर होऊन दोन अधिकारी गेले आणि नौदलप्रमुख अॅडमिरल डी. के. जोशींनी त्याच दिवशी राजीनामा दिला. मार्च २०१४ मध्ये विशाखापट्टणमच्या त्या जहाजबांधणी केंद्रात दाबाची चाचणी चालू असताना अपघात होऊन एक कामगार दगावला. या नोंदी अरिहंतच्या पुस्तकातल्या नाहीत. पण त्याच काळात, त्याच दलाच्या, त्याच तिजोरीवर चालणाऱ्या बोटींच्या आहेत. अणुपाणबुडीच्या अभिमानात डिझेलवाल्यांकडे दुर्लक्ष झालं का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्त होता.

१५ डिसेंबर २०१४ ला अरिहंत पहिल्यांदा खुल्या समुद्रात गेली. तेव्हा संरक्षणमंत्री होते गोव्याचे मनोहर पर्रीकर. ऑगस्ट २०१६ मध्ये ती नौदलात दाखल झाली, तीही गाजावाजा न करता. बातमी आपल्याला नंतर, ऑक्टोबरात, कळली.

आता तिचं काम काय ते बघू. भारताचं २००३ साली जाहीर झालेलं धोरण असं की आपण अण्वस्त्र आधी वापरणार नाही, पण कोणी आपल्यावर टाकलं तर जबर उत्तर देऊ. शत्रूला वाटलं की पहिल्याच दणक्यात भारताची सगळी अण्वस्त्रं संपवता येतील, तर या धमकीला अर्थ उरत नाही. आमच्या धंद्यात मुख्य डेटा सेंटर जळालं तरी दुसरीकडे एक प्रत असते, आणि ती कुठे आहे हे सगळ्यांना सांगत नाहीत. अरिहंत म्हणजे ती दुसरी प्रत. म्हणजे 'आधी वापर नाही' हे वचन जितकं पक्कं, तितका या बोटीला अर्थ. म्हणूनच नोव्हेंबर २०१६ मध्ये पर्रीकर एका कार्यक्रमात बोलून गेले की स्वतःला असं बांधून का घ्यायचं, तेव्हा गहजब झाला. ते माझं वैयक्तिक मत आहे, असं त्यांनी सांगितलं. मला ते पटलं नव्हतं. बोट नौदलात येऊन तीन महिने झाले होते फक्त.

जानेवारी २०१८ मध्ये 'द हिंदू'ने बातमी दिली की आदल्या वर्षी एक झडप उघडी राहून बोटीत समुद्राचं पाणी शिरलं आणि ती कित्येक महिने बंद होती. अधिकृत दुजोरा मिळाला नाही. मग त्याच वर्षीची धनत्रयोदशी. मार्च २०१९ मध्ये, पुलवामानंतर, नौदलाच्या पत्रकात तैनात जहाजांच्या यादीत 'अणुपाणबुड्या' असा शब्द होता, नाव नव्हतं. १४ ऑक्टोबर २०२२ ला सरकारने सांगितलं की अरिहंतने बंगालच्या उपसागरात क्षेपणास्त्र सोडून ठरलेलं लक्ष्य अचूक गाठलं. जाहीर नोंदी एवढ्याच, हाताच्या बोटांवर मोजण्यासारख्या.

गस्तीची पानं कोरी राहू देत, त्याला माझी अजिबात हरकत नाही. तक्रार आहे ती पहिल्या पानांबद्दल. जर्मनांनी आपली पहिली पाणबुडी कापून लोकांसमोर मांडली. अमेरिकेची पहिली अणुपाणबुडी 'नॉटिलस' १९५५ मध्ये निघाली आणि १९८६ पासून संग्रहालय आहे. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावरही आपली 'कुरसुरा' ही जुनी डिझेल पाणबुडी लोकांना आतून बघता येते. मग सत्तरच्या दशकात तुर्भ्याला काय चुकलं, कोणाचं म्हणणं बरोबर निघालं, वालचंदनगरच्या कारागिरांनी तो गिअर कसा कापला, हे आता सांगायला काय हरकत आहे? ज्यांनी ते केलं ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्यातल्या अनेकांनी घरी बायकोलाही 'ऑफिसचं काम आहे' यापलीकडे काही सांगितलं नसेल. बसूंसारखे एकेक जण निघून चालले आहेत, आणि त्यांच्यासोबत ती पानंही.

बोटीची एक उणीव सर्वांना ठाऊक आहे. तिच्या चार नळ्यांत बारा 'के-१५' क्षेपणास्त्रं मावतात, पण त्यांचा पल्ला साधारण ७५० किलोमीटर. बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकापासून बीजिंग तीन हजार किलोमीटरहून लांब. म्हणजे उत्तर द्यायचं तर आधी धोक्याच्या पाण्यात शिरायला हवं. त्यावरचा उपाय 'के-४', पल्ला ३,५०० किलोमीटर. २९ ऑगस्ट २०२४ ला अरिहंतची धाकटी बहीण 'अरिघात' विशाखापट्टणमला नौदलात दाखल झाली आणि २७ नोव्हेंबरला तिच्यावरून के-४ ची चाचणी झाल्याच्या बातम्या आल्या. थोरलीच्या गस्ती त्यानंतर किती झाल्या आणि कुठे, ते तिच्यावरच्या शंभरेक माणसांना माहीत.